दोन चपट्या पिना

६ जानेवारी २०१३

ताई,

आमच्या वर्कशॉपमधल्या सुताराची बहीण तिकडे येतेय, तिच्याबरोबर एक खोकं पाठवतोय. आत टॅबलेट आहे. शाळेतल्या पाटीएवढा असतो आणि जाडीला तुझ्या बाइंडिंगच्या पुठ्ठ्याइतका. त्यावर समोरासमोर बसल्यासारखं बोलता येतं. बाबांना बुटकी दिसेल, हलती-बोलती, फोटोतली नव्हे. पोरगी सहा वर्षांची झाली आणि सख्ख्या आजोबांनी तिला एकदाही पाहिलेलं नाही, हे मला आता झोंबायला लागलंय.

तुझ्या डिसेंबरच्या पत्रात त्यांच्या काचबिंदूचं वाचलं तेव्हा हातातलं पॉलिशचं फडकं तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले अजून वर्षभर तरी काळजी नाही, असं पुढे तू लिहिलंस म्हणून जिवात जीव आला. माझे राहण्याचे कागद अजून कचेरीत अडकलेत. आत्ता इथून पाय बाहेर टाकला तर परत आत घेतील याची खात्री नाही. म्हणून ही पाटी.

आता नीट वाच. इथल्या प्लगला दोन चपट्या पिना असतात आणि आपल्याकडच्या बोर्डाला गोल भोकं. शिवाय इथला करंट आपल्या निम्म्याने. तेव्हा मी बरोबर अडॅप्टर पाठवेपर्यंत तो कुठेही लावायचा नाही. कुणा वायरमनला बोलावायचं नाही, काड्या-वायरी खुपसून बघायच्या नाहीत. मागे मी पाठवलेल्या रेडिओसारखं व्हायला नको. मला लाकडातलं कळतं, करंटमधलं नाही, पण चार जणांना विचारून नक्की करतो.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन बाबांच्या खुर्चीशी आणि तुझे कान कारखान्यातल्या कागदाच्या घडीच्या मशीनने खाल्लेले. आणि पोस्टमनची पोरं आपण. महत्त्वाचं ते कागदावर, हे लहानपणापासून ऐकलंय.

तुझा,
बारक्या


२७ जानेवारी २०१३

बारक्या,

खोकं आलं. ती बाई फार सज्जन, चपला दाराबाहेर काढून आली आणि पाण्याशिवाय काही घेतलं नाही. खोकं उघडलं तर आत कापसात ठेवावं तसं ठेवलेलं. एवढा गुळगुळीत पुठ्ठा आमच्या कारखान्याच्या मालकांनी जन्मात पाहिला नसेल.

बाजूचं बटण मी दाबलं. भीत भीतच दाबलं. त्यात थोडी धुगधुगी होती बहुतेक, कारण एकदम उजेड झाला आणि कुठली भाषा हवी म्हणून विचारायला लागलं. बाबा खुर्चीतून पुढे झुकून म्हणाले, "केवढा उजेड ग." मी म्हटलं, हातात घ्या की. तर म्हणाले, "नको, तूच धर." मी भाषा शोधत बसले तेवढ्यात विझलं ते विझलंच.

तू सांगितलंस तसं कशालाच हात लावलेला नाही. बोर्डाच्या वर भिंतीवर त्या रेडिओचा काळा डाग अजून आहे, दोनदा रंग दिला तरी वर येतो. तो रोज दिसतो, त्यामुळे तुझी सूचना विसरायचा प्रश्नच नाही. दुधाने तोंड पोळलंय, आता ताक फुंकून पिऊ. टॅबलेट परत कापसात घालून कपड्यांच्या कपाटात ठेवलाय, माझ्या चांगल्या साड्यांच्या मध्ये.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडे इंटरनेट आहे. आमच्या गॅलरीत येतं म्हणाल्या, आणि त्याचा सांकेतिक शब्दही चिठ्ठीवर लिहून दिला. म्हणजे हत्ती सगळा गेला, शेपूट राहिलंय. तुझा अडॅप्टर आला की झालं.

बाबा ठीक आहेत. थेंब तीन वेळा घालते. पेपर भिंगाने वाचतात, थोडा वेळ.

ताई


१२ फेब्रुवारी २०१३

ताई,

अडॅप्टर आजच पोस्टात टाकला. इथल्या स्टेशनजवळ प्रवाशांच्या सामानाचं मोठं दुकान आहे, तिथून घेतला. दुकानदाराला आपल्या देशाचं नाव सांगितलं, त्याने मान डोलावली आणि काढून दिला. पांढरा, मुठीत मावेल एवढा. पार्सलवर 'नाजूक' असं तीनदा लिहिलंय. बाबा म्हणायचे ना, 'नाजूक' लिहिलेलं पार्सलच सगळे आपटतात. तरी लिहिलं.

बुटकीला एक वाक्य शिकवतोय. "आजोबा, मी दिसते का?" आरशासमोर उभी राहून म्हणते. 'दिसते' म्हणताना मान तिरकी करते, ही लकब तिने कुठून उचलली देव जाणे. तिच्या आईला वाटतं ती माझ्यावर गेलीय. मला वाटतं ती आपल्या आईवर गेलीय. बाबा बघतील तेव्हा निकाल लागेल.

परवा फोनवर बाबा नेहमीसारखेच. "सगळं ठीक. जेवलास का. ठेवतो." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशी तीन वाक्यांच्या पुढे बोललेलं मला आठवत नाही. इतरांच्या दारात उभं राहून अर्धा अर्धा तास गप्पा मारणारा हा माणूस. मीही काही कमी नाही म्हणा, मीही 'बरं' म्हणून ठेवतो.

बारक्या


९ मार्च २०१३

बारक्या,

पार्सल मिळालं. हसू नकोस, आणि रागावू नकोस. तू पाठवलेला अडॅप्टर उलटा आहे.

म्हणजे असं. याला खाली दोन चपट्या पिना आहेत आणि वर गोल भोकं. इथला माणूस आपला प्लग घेऊन तुझ्याकडे आला तर त्याच्या कामाचा. आम्हाला हवीत वर चपटी भोकं आणि खाली गोल पिना. मी कितीदा तरी उलटा-सुलटा करून पाहिला, वाटलं मलाच कळत नाहीये. त्या दुकानदाराची काय चूक, तिथल्या दुकानात तिथे येणाऱ्यांचीच सोय असणार. तिथून निघणाऱ्यांची सोय कोण कशाला ठेवील?

कारखान्यात डबा खाताना ही गंमत सांगितली. आमच्याकडे कागद कापायच्या मशीनवर जे काका आहेत, कटिंगवाले, ते म्हणाले, "चार्जर उद्या घेऊन या, बघतो. असली पिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते." मी नको म्हटलं. म्हटलं, भावाने बजावलंय. ते म्हणाले, "बाई, नुसतं बघायला काय जातंय?" तरी मी नकोच म्हटलं. जळलं तर मी तुला कुठल्या तोंडाने सांगू?

तर आता बरोबरचा पाठव. होईल तेवढा लवकर पाठव.

बाबांनी हल्ली पेपर बंद केलाय. म्हणतात, त्यात वाचण्यासारखं काय असतं. मी वाचून दाखवते.

ताई


२४ मार्च २०१३

ताई,

कपाळावर हात मारून घेतला. हिने तर त्या उलट्या अडॅप्टरवरून माझं नावच 'उंटावरचा शहाणा' ठेवलंय.

कटिंगवाल्यांना नको म्हणालीस ते उत्तम केलंस. लोक 'बघतो' म्हणतात आणि बघता बघता धूर काढतात. वर्कशॉपमधल्या एकाने सांगितलं की नुसत्या पिना बदलून भागत नाही, करंट निम्मा करणारा ट्रान्सफॉर्मरच लागतो. तो मागवलाय. विटेएवढा जड आहे, त्यामुळे जहाजाने येईल, महिना-दीड महिना धर. उशीर होईल, पण काम पक्कं होईल. वर्षभराची मुदत आहे, त्यातले तीनच महिने गेलेत. उगाच घाई करून वस्तू हातची घालवू नका.

खरं सांगायचं तर मलाही जरा तयारीला वेळ हवाय. आमची ही खोली रंगवून घ्यायचीय. बाबांना पहिल्यांदा दिसणार ते नीटनेटकं दिसावं असं वाटतं. आणि बुटकीला शाळेच्या नाटकात झाड व्हायचंय, ते झालं की तिला सवड.

बारक्या


२९ एप्रिल २०१३

ताई, ताई, ताई,

काल रविवारी ती घंटी वाजली आणि पडद्यावर तुझं कपाळ दिसलं, फक्त कपाळ. मग तू पाटी खाली केलीस आणि बाबा दिसले. किती बारीक झालेत ग. पण टापटीप बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावून, टपाल वाटायला निघाल्यासारखे.

चार्जर कसा लागला ते तू घाईघाईत सांगितलंस, मला अर्धंच कळलं. कटिंगवाल्या काकांनीच लावला म्हणे, आणि ट्रान्सफॉर्मर लागतच नव्हता. असेना का. जळलं नाही, झालं तर मग. ती वीट अजून समुद्रात कुठेतरी आहे, आली की कागदांवर वजन म्हणून ठेव.

पण बाबांनी पाहिलं. यातच सगळं आलं. बुटकीने मान तिरकी करून विचारलं, "आजोबा, मी दिसते का?" आणि ते म्हणाले, "दिसतेस की. चांगली दिसतेस." मला तिथेच भरून आलं, मी खुर्चीमागे लपलो. तिने हात हलवला तसा त्यांनीही हलवला. ती नाचून दाखवत होती तेव्हा ते हसले. मध्ये मध्ये नजर जरा बाजूला जात होती. मी म्हटलंही, "बाबा, वरच्या ठिपक्याकडे बघा." ते म्हणाले, "बघतोय रे." म्हाताऱ्या माणसाला कॅमेरा कुठे ते काय कळणार.

मी रात्री हिला म्हटलं, आता त्यांचे डोळे राहोत न राहोत, माझ्या मुलीचा चेहरा त्यांच्यात गेला. तो आता कुणी काढून घेऊ शकत नाही. इतक्या वर्षांत घरासाठी मी एकच काम धड केलं असेल, तर हे.

बारक्या


७ मे २०१३

बारक्यास,

कारण काही नाही, तरी लिहितोय. हात थरथरतो म्हणून तुझ्या ताईला सांगतोय आणि ती उतरवून घेतेय. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आपलं लिहायचं राहूनच जायचं.

नातीला पाहिलं. फार बरं वाटलं. मुलगी चुणचुणीत आहे, आवाज खणखणीत आहे. दिसायला तुझ्या आईवरच गेलीय, यात वादच नको. तीच हनुवटी. हसली की दातांची ती ओळ, एकसारखी, एक दात इकडचा तिकडे नाही. तुझ्या आईचे दात असेच होते, शेवटपर्यंत. तिला सांग, आजोबांनी दात पाहिले आणि ते पास झाले. गोड खाऊन किडवू नकोस म्हणावं.

तुझी खोलीही पाहिली. रंग चांगला दिलायस. सुखात आहेस हे डोळ्यांनी पाहिलं, आता माझी काही तक्रार नाही. कागदांसाठी जीव टांगणीला लावू नकोस. येशील तेव्हा येशील.

इकडे सगळं ठीक आहे.

बाबा


२६ मे २०१३

ताई,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. बाबांना वाचून दाखवू नकोस.

बाबांचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुळ्यासारखा आनंद झाला. त्यांनी मला एवढं लांब पत्र कधी लिहिलंय? दुसऱ्यांदा हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती ऐकत होती आणि दातांपाशी आल्यावर माझ्याकडे नुसती बघत राहिली.

ताई, बुटकीचे पुढचे चारही दात पडलेत. दोन वर, दोन खाली. एप्रिलमध्येच पडले. त्या रविवारी ती तोंड उघडून सगळ्यांना ते भगदाडच दाखवत होती, तुलाही दाखवलं, तू हसलीसही. एकसारखी ओळ आहे ती मागच्या वर्षीच्या फोटोत. आणि खोलीला रंग मी अजून दिलेलाच नाही. देणार आहे असं फक्त लिहिलं होतं.

मी हे चार दिवस दाबून ठेवलं. मनाला सांगितलं, म्हातारपण आहे, विसरले असतील. पण ती बाजूला जाणारी नजर आता डोळ्यांपुढून हलत नाही.

मला सरळ सांग. बाबांना त्या दिवशी काय दिसलं?

बारक्या


१२ जून २०१३

बारक्या,

काहीच दिसलं नाही रे. उजेड आहे एवढं कळलं. तुझी मुलगी त्यांच्या पुढ्यात नाचत होती आणि त्यांना फक्त पांढुरकं काहीतरी हलत असावं असं वाटत होतं.

आता सगळंच सांगते. डिसेंबरात डॉक्टरांनी वर्ष म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले होते, "दोन-तीन महिने. यांना जे दाखवायचं असेल ते आत्ताच दाखवा." बाहेर येऊन जिन्यातच बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "त्याला वर्ष सांग. त्याला येता येत नाही, मग कशाला त्याच्या जिवाला घोर?" मी तसं लिहिलं. तू त्या वर्षावर भरवसा ठेवलास आणि जहाजाने वीट पाठवलीस. तुझा दोष नाही. तुला खरं माहीत असतं तर तू एका दिवसात कुणाला तरी फोन करून पिन बसवून घेतली असतीस.

मार्चमध्ये कटिंगवाले बघतो म्हणाले ना, त्या वेळी बाबांना मधोमध थोडं दिसत होतं. नळीतून पाहावं तसं, पण दिसत होतं. माझ्या चेहऱ्याला लागलेला बाइंडिंगचा सरस त्यांनी त्याच आठवड्यात दाखवला होता, "गालाला लागलाय, पूस." म्हणजे बुटकीही दिसली असती. त्या दिवशी मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर झालं असतं. माझ्या एका 'नको'मुळे गेलं हे, आणि हे मला मरेपर्यंत पुरणार आहे.

मग एप्रिलमध्ये एका सकाळी मी खिडकी उघडली, ऊन थेट त्यांच्या मांडीवर आलं, आणि ते म्हणाले, "अजून उजाडलं नाही वाटतं." मी हातातलं टाकलं, कपाट उघडलं आणि टॅबलेट-चार्जर घेऊन धावत कारखान्यात गेले. काकांनी छपाई तपासायचं भिंग लावलं आणि चार्जरच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. १०० ते २४० व्होल्ट. म्हणाले, "बाई, हा आपल्याकडचाही करंट खातो आणि तुमच्या भावाकडचाही. फक्त पिनेचा प्रश्न होता." कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी गोल पिनांचं टोपण आणलं, माझ्यासमोर लावलं आणि बॅटरीचं छोटं चित्र हिरवं व्हायला लागलं. दहा मिनिटं लागली. ती अक्षरं जानेवारीपासून माझ्या साड्यांमध्ये पडून होती.

त्या रविवारी काय केलं तेही सांगते. मी टेबलाखालून बाबांच्या गुडघ्याला बोट लावत होते. एकदा लावलं की हसायचं, दोनदा लावलं की हात हलवायचा. ही युक्ती त्यांचीच. आदल्या दिवशी आम्ही तालीम केली. दातांचं चुकतंय हे लिहिताना मला कळत होतं. सांगायला तोंड उघडलंही, पण ते इतक्या खुशीत होते की मी लिहीत गेले. आणि खरं म्हणजे, तू ते पकडावंस असंही मला कुठेतरी वाटत होतं. एकटीला पेलवत नव्हतं.

अजून एक आहे, ते लिहू की नको असं तीन दिवस चाललंय. तू विचारशील, बाबा स्वतः का नाही म्हणाले की लावा रे कुठेतरी, बघू दे मला? बारक्या, बाबांच्या हातून तो रेडिओ जळला तेव्हा तू त्यांना पत्र लिहिलं होतंस. "तुम्हाला वस्तूची कदर नाही. यापुढे मी पाठवलेल्या कशालाही हात लावू नका." मी ते वाचलं तेव्हा मलाही राग आला होता, पण मग मी विसरले. ते विसरले नाहीत. तू पाठवलेला स्वेटर मी अंगात चढवला तरच घालतात. घड्याळ माझ्याकडून बांधून घेतात. मला वाटायचं, म्हाताऱ्याची लाडीगोडी आहे. टॅबलेट आला त्या दिवशी "तूच धर" म्हणाले तेव्हा मला समजलं. मी त्यांना म्हटलं, अहो, तो रागाच्या भरात बोलला असेल. ते म्हणाले, "असेल. पण कागदावर आहे ना."

ताई


३० जून २०१३

ताई,

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो.

ते वाक्य मी लिहिलं होतं हे मला आठवायलाच एक पूर्ण दिवस लागला. आधी वाटलं, तुझी काहीतरी चूक होतेय. मग आठवलं. एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. त्या दिवशी मुकादमाने सगळ्यांसमोर मला झापलं होतं, आणि संध्याकाळी तुझं रेडिओचं पत्र आलं. पलंगावर बसून दोन मिनिटांत खरडलं, पाकिटाला जीभ लावली आणि टाकलं. त्यानंतर शांत झोप लागली मला, हेही आठवलं. मुकादमाचा राग मी बाबांवर काढला. आणि मी ज्यांच्याशी तीन वाक्यांत बोलणं उरकायचो, ते माझंच एक वाक्य अकरा वर्षं पाळत बसले.

तू तुझ्या 'नको'ला दोष देतेस. तो 'नको' माझा होता, तुझ्या तोंडून गेला एवढंच. तुला वर्ष सांगायला लावणारे बाबा, पण येऊ न शकणारा मी. ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी एकदा त्या चार्जरची पाठ वाचली असती तर? खोक्यात भरताना तो माझ्याच हातात होता.

मी त्यांची माफी मागायला कागद घेतला आणि तिथेच अडलो. माफी मागायची तर आधी सांगावं लागेल की मला कळलंय. आणि मला कळलंय हे त्यांना कळलं, तर त्या रविवारचा त्यांचा सगळा खटाटोप मातीत. गुडघ्याला बोट लावून घेत त्यांनी जे दिलं ते मी त्यांच्या तोंडावर परत कसं करू? म्हणून ताई, माफी राहिली. ती आता राहणारच. मला दुसरी वाट दिसत नाही, तुला दिसली तर कळव.

सोबत वेगळा कागद त्यांच्यासाठी आहे, तो वाचून दाखव. त्यात लिहिलंय की दात अगदी आईचेच आहेत, इथल्या दातांच्या डॉक्टरनेही तारीफ केली. आणि लिहिलंय, "बाबा, टॅबलेट मी तुमच्यासाठी पाठवलाय, ताईसाठी नाही. चार्जिंगला तुम्हीच लावत जा, तिला त्यातलं काही कळत नाही. रेडिओच्या वेळी मी उगाच तोंड टाकलं, चूक त्या रेडिओची होती." एवढंच बसवता आलं.

बारक्या


१८ जुलै २०१३

बारक्या,

तुझा कागद काल वाचून दाखवला. दातांचं ऐकून म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" रेडिओचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग अजून एकदा.

थोड्या वेळाने म्हणाले, "आण तो इकडे." मी कपाटातून आणून मांडीवर ठेवला. त्यांनी आधी दोन्ही तळहातांनी तो सगळा चाचपला, कडा, मागची बाजू, सगळं. मग वायर हाताने धरत धरत बोर्डापर्यंत आले. मी मदतीला गेले तर माझा हात बाजूला केला. पिन भोकात बसायला बराच वेळ लागला. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बसली, आणि खटका त्यांनीच दाबला.

तिथेच भिंतीला हात टेकून उभे राहिले. मग मला विचारलं, "त्याला कळलं नाही ना ग?"

मी म्हटलं, "नाही बाबा."

"मग बरं," ते म्हणाले. "नाहीतर जन्मभर मनाला लावून घेतलं असतं त्याने."

रविवारी नऊ वाजता फोन लाव. आम्ही तयार बसलेलो असू.

ताई